सलामी मिळते, पण निवृत्तीनंतरच्या औषधांचं काय? (पोलीस आणि लष्करी श्वानांविषयी)

माळरान

दर मार्चमध्ये १९९३ च्या बॉम्बस्फोटांचा वर्षदिन आला की जंजीरचा फोटो फिरायला लागतो. फुलांनी झाकलेला लॅब्राडोर आणि त्याला मानवंदना देणारे अधिकारी. मुंबई पोलिसांच्या बॉम्ब शोधक व नाशक पथकातल्या या श्वानाने तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स, शिवाय डिटोनेटर आणि हातबॉम्ब शोधून दिले. १६ नोव्हेंबर २००० रोजी हाडांच्या कर्करोगाने तो गेला, तेव्हा जेमतेम आठ वर्षांचा होता. तो सेवेत असतानाच गेला, म्हणून त्याच्या म्हातारपणाचा प्रश्न आलाच नाही.

२६/११ ला काम केलेल्या चौघांचा मात्र आला. मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर. सीएसएमटीवर, तेव्हाच्या सीएसटीवर, प्रवाशांच्या सामानाच्या ढिगात दहशतवाद्यांनी सोडलेले बॉम्ब सीझरने दाखवले होते. हे चौघे निवृत्त झाल्यावर विरारच्या एका शेतघरात राहिले. ते शेतघर एका प्राणीप्रेमी बाईंचं, म्हणजे खाजगी. २०१६ या एकाच वर्षात चौघेही गेले. शेवटचा सीझर, ऑक्टोबरमध्ये.

मला त्या बाईंबद्दल फार आदर आहे. पण देशभर गाजलेल्या चार श्वानांचं म्हातारपण जर एका व्यक्तीच्या चांगुलपणावर उभं राहत असेल, तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या साध्या श्वानाचं काय होत असेल? बीड पोलिसांचा रॉकी आठवा. तीनशेहून अधिक गुन्ह्यांच्या तपासात त्याने मदत केली होती. ऑगस्ट २०२० मध्ये तो गेला, तेव्हा पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्याचं नाव घेतलं. असं भाग्य किती जणांना?

आमच्या शेजारी एक श्वान हस्तक, म्हणजे पोलीस श्वानाला सांभाळून त्याच्याबरोबर काम करणारे, राहतात. त्यांच्याकडे त्यांची जुनी सहकारी, निवृत्त जर्मन शेफर्ड, आहे. तिची मागची ढोपरं धरलेली, कंबर लुळी. सांधेदुखीच्या गोळ्या, रक्ततपासण्या, कधी सलाईन, सगळं त्यांच्या पगारातून. ते कधी तक्रार करत नाहीत. "ती माझी पार्टनर आहे, ताई," एवढंच म्हणतात. त्यांना सुचणार नाही म्हणून हा धागा मी काढतेय.

माझं म्हणणं एकच आहे. श्वान निवृत्त झाला की त्याला घरी नेण्याचा पहिला हक्क त्याच्या हस्तकाचा असावा, आणि त्याच्या खाण्याचा व औषधांचा खर्च शेवटपर्यंत खात्याने उचलावा. सेवा सरकारने घेतली, तर म्हातारपण हस्तकाच्या पगारावर का? या क्षेत्रातल्या माहीतगारांनी जरूर लिहावं.

खाकी_निवृत्त

ताई, धागा चांगला काढलात. मी स्वतः दुसरा हस्तक म्हणून बरीच वर्षं जिल्हा श्वान पथकात काढली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

लोकांना वाटतं कुत्रा म्हणजे वास घेणारं यंत्र, सोडला की चोर सापडला. तसं नसतं. पुण्याला शिवाजीनगरच्या प्रशिक्षण केंद्रात पिल्लू आणि हस्तक बरोबर शिकतात. कुत्र्यासाठी तो सगळा खेळ असतो. वास सापडला की चेंडू मिळतो, साहेब खूश होतात, एवढं त्याला कळतं. स्फोटकाचा वास लागला की त्याने भुंकायचं नाही, पायाने उकरायचं नाही, नुसतं बसायचं. ती बैठक पक्की व्हायला महिने जातात. आणि बसल्यावर तो आपल्याकडे ज्या नजरेने बघतो, ती फक्त हस्तकाला वाचता येते. म्हणून हस्तक बदलला की कुत्र्याचं काम बिघडतं. बदल्या करणाऱ्या साहेबांना हे पटवता पटवता माझी नोकरी संपली.

माग काढणाऱ्या श्वानाचं काम आणखी अवघड. घरफोडी झाली की आम्ही पोचेपर्यंत सगळी आळी घरातून फिरून गेलेली असते. कपाटाला दहा जणांचे हात लागलेले. अशा ठिकाणी कुत्रा कुणाचा वास घेणार? तरी बिचारा घेतो, रस्त्यापर्यंत नेतो आणि एसटी थांब्यावर थांबतो. दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं, 'श्वान काही अंतरावर जाऊन घुटमळले'. अरे, चोर तिथून गाडीत बसला हे त्याने सांगितलं की! तपासाला तेवढं पुष्कळ असतं.

घरी नेण्याबद्दल. माझ्या वेळी निवृत्त श्वान कुणाला द्यायचा ते वरिष्ठ ठरवायचे. हस्तकाने मागितला तर बहुतेक वेळा मिळायचा. पण पोलीस लाइनीतल्या दोन खोल्यांत पस्तीस किलोचं जनावर ठेवणं सोपं नसतं. आमच्या मंडळींनी ते केलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. ती तिसऱ्या मजल्यावरची खोली होती, लिफ्ट नव्हती. शेवटी शेवटी मी आणि मुलगा त्याला चादरीत घालून खाली आणायचो.

निंबोळी

विषय महत्त्वाचा आहे, तरी मनातलं स्पष्ट लिहितो. पोलीस शिपायांना बारा-बारा तास उभं राहावं लागतं, घरं गळकी आहेत, महिला पोलिसांना बंदोबस्तात स्वच्छतागृह मिळत नाही. अशा वेळी आधी कुत्र्यांच्या पेन्शनचा विचार करणं मला पटत नाही. आणि दुसरं, या प्राण्यांना स्फोटकांजवळ नेण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला? त्यांनी होकार दिलेला नाही.

खाकी_निवृत्त

निंबोळी, शिपायाचे हाल मी भोगलेत, त्यामुळे पहिल्या मुद्द्यावर तुमच्याशी वाद नाही. पण श्वानाचा औषधखर्च हस्तकाच्या खिशातून जातो, म्हणजे तो शिपायाच्याच घरातून जातो. दोन्ही प्रश्न एकाच घरात राहतात.

होकाराचं मात्र खरं आहे. कुत्रा होकार देत नाही. म्हणूनच त्याच्या वतीने नकार देणं हे हस्तकाचं काम. आज हा थकलाय, आज याचा पाय दुखतोय, आज हा काम करणार नाही, असं साहेबाला तोंडावर सांगायला लागतं. गणपतीच्या दिवसांत एका मंडपातून दुसऱ्या मंडपात, मग रेल्वे स्टेशन, मग व्हीआयपी येणार म्हणून हेलिपॅड. नाक दमतं हो. वीस-पंचवीस मिनिटं मन लावून हुंगलं की विश्रांती लागते. ती दिली नाही तर कुत्रा उगाच कुठेतरी बसतो, चेंडू मिळावा म्हणून.

इंद्रायणीकाठ

काकांच्या शेवटच्या वाक्याला धरून. अमेरिकेत डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमली पदार्थ आणि स्फोटकं शोधणाऱ्या १८ श्वान-हस्तक जोड्यांना अशा खोल्यांमधून फिरवलं, जिथे काहीही लपवलेलं नव्हतं. हस्तकांना मात्र सांगितलं होतं की वास ठेवलेले आहेत, आणि काही जागी लाल कागद चिकटवून खूण केली होती. दोनशेहून जास्त वेळा 'सापडलं' अशी नोंद झाली, आणि खुणेच्या जागी ती जास्त झाली. माणसाची अपेक्षा दोरीवाटे कुत्र्यापर्यंत पोचते, किंवा त्याच्या हालचालीचा अर्थच तसा लावला जातो. वरून 'काहीतरी दाखवा' असा दबाव असेल तर सगळ्यात आधी त्या मुक्या जिवावर अन्याय होतो, आणि मग एखाद्या निरपराध माणसावर.

मी तळेगावजवळ राहतो. सुदुंबऱ्याला एनडीआरएफच्या, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या, पाचव्या बटालियनचा तळ आहे, त्यामुळे आपत्तीत शोध घेणाऱ्या श्वानांबद्दल आमच्याकडे लोकांना आपुलकी आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला, तेव्हा एनडीआरएफची पथकं गेली, त्यांच्याबरोबर रोमिओ आणि ज्युली हे श्वान होते. गाझियानतेप भागात ढिगाऱ्याखाली असलेल्या सहा वर्षांच्या मुलीचा माग या दोघांमुळे लागला. यांचं शिक्षण जिवंत माणूस शोधण्याचं. सापडला की भुंकायचं. पण दरडीखाली, इमारतीखाली दिवस उलटले की जिवंत कुणी सापडत नाही, आणि श्वानाला बक्षीस मिळत नाही. न्यूयॉर्कला २००१ मध्ये जुळे मनोरे कोसळले, तेव्हा हस्तकांनी यावर तोडगा काढला होता. सहकाऱ्यालाच कुठेतरी लपवायचं, श्वानाला तो 'सापडू' द्यायचा आणि खूप कौतुक करायचं, म्हणजे त्याची उमेद टिकते. तिथल्या श्वानांचा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने पुढे अनेक वर्षं पाठपुरावा केला. त्या धुळीत काम करूनही त्यांचं आयुष्य इतर शोध-श्वानांइतकंच भरलं. असा पाठपुरावा आपल्याकडच्या श्वानांचाही व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं.

पशुवैद्य_वऱ्हाड

मी अकोला-चंद्रपूर पट्ट्यात काम केलंय, म्हणून उन्हाबद्दल लिहितो. या धाग्यात तो मुद्दा यायलाच हवा.

लॅब्राडोर हा मुळात थंड पाण्यात पोहणारा कुत्रा. त्याला आपण मे महिन्यात ४५ अंशांत बंदोबस्ताला उभा करतो. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. आणि धापा टाकणारा कुत्रा नीट हुंगू शकत नाही, कारण श्वास तोंडाने चाललेला असतो. म्हणजे दुपारच्या उन्हात केलेल्या तपासणीत श्वानाचा जीव धोक्यात, आणि तपासणीही कच्ची. त्याच्या अंगाचं तापमान एरवी ३८ ते ३९ अंश असतं. ४१ च्या वर गेलं की मिनिटं महत्त्वाची होतात. लगेच सावली, अंगावर साधं पाणी, वर पंखा, आणि तसंच भिजवत दवाखान्यात न्यायचं. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, उष्णता आत कोंडते.

डांबरावर पाय भाजतात. हस्तकाने स्वतःच्या हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवून बघावी. ठेवता येत नसेल तर श्वानालाही चालवू नये. गाडीला एसी नसेल तर निदान जाळी, पाणी आणि सावलीतलं पार्किंग पाहिजे. काही जिल्ह्यांत श्वानगृहात कूलर आहेत, ते बघून बरं वाटतं.

दुसरा शत्रू गोचीड. एहर्लिकिया, बबेसिया हे गोचीडताप चांगला तगडा कुत्रा आठवड्यात लोळवतात. हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आलं, जेवण टाकलं, तर 'उद्या बघू' म्हणू नये.

निवृत्तीनंतरचा आजार बहुतेक वेळा निवृत्तीआधीच सुरू झालेला असतो. जर्मन शेफर्ड आणि लॅब्राडोर दोघांनाही खुब्याच्या सांध्याचा वंशगत दोष असतो. उड्या, भिंती, गाडीतून खाली झेप, याने तो वाढतो. माळरान, तुमच्या शेजाऱ्यांच्या शेफर्डला तेच असावं असं वाचून वाटलं, पण क्ष-किरण केल्याशिवाय म्हणू नये. शेफर्डमध्ये मज्जारज्जूचाही एक आजार असतो, त्यात कंबर लुळी पडते पण दुखत नाही. दोन्हींचे उपचार वेगळे. त्यांना सांगा, वजन वाढू देऊ नका, घरात फरशीवर गोणपाट किंवा चटई टाका, आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्या स्वतःच्या मनाने अजिबात देऊ नका. त्यांनी मूत्रपिंडं जातात.

पिल्लं विकत घेतानाच आईबापांच्या खुब्यांचे क्ष-किरण मागितले, तर पुढची निम्मी दुखणी टळतील. तेवढ्या एका कागदाचा आग्रह खात्याने धरावा.

माळरान

डॉक्टर, मनापासून आभार. शेजाऱ्यांना आजच वाचून दाखवलं. क्ष-किरण झालेला नाही, या आठवड्यात नेणार आहेत. गाडीची सोय माझ्याकडे.

सिएटलकर

इकडचं थोडं सांगते, तुलनेसाठी उपयोग होईल.

व्हिएतनाम युद्धात अमेरिकेचे सुमारे चार हजार श्वान कामाला होते. परत आले ते जेमतेम दोनशे. बाकीचे तिथेच सोडले किंवा मारले, कारण हिशेबात ते सामान होते. त्यांचे हस्तक आता म्हातारे झालेत, तरी त्या गोष्टी सांगताना रडतात. निवृत्त लष्करी श्वान दत्तक देण्याची मुभा देणारा कायदा यायला २००० साल उजाडलं. हस्तकाला पहिला हक्क देणारी तरतूद तर २०१५ च्या अखेरची. म्हणजे इथेही हे आपोआप झालेलं नाही, हस्तकांनी भांडून मिळवलंय.

पैशाबद्दल इंग्लंडचं उदाहरण बघण्यासारखं आहे. नॉटिंगहॅमशर पोलिसांनी २०१३ मध्ये निवृत्त श्वानांसाठी योजना आणली, वर्षाला ५०० पौंडांपर्यंत औषधखर्च, तीन वर्षं. रक्कम फार मोठी नाही, पण तत्त्व मान्य झालं. इंग्लंडमध्येच २०१६ मध्ये फिन नावाच्या पोलीस श्वानावर चाकूहल्ला झाला, आणि हल्लेखोरावर श्वानाच्या जखमांसाठी आरोप ठेवायचा तर मालमत्तेचं नुकसान एवढंच कलम हाताशी होतं. त्याच्या हस्तकाने मोहीम चालवली आणि २०१९ मध्ये कायदा बदलला.

आमच्या घरी आम्ही अंधांच्या मार्गदर्शक श्वानांची पिल्लं वाढवायला घेतो. वर्ष-सव्वा वर्ष घरी ठेवायचं, बसमध्ये, दुकानात, गर्दीत न्यायचं, मग प्रशिक्षणासाठी परत द्यायचं. माझ्या सासूबाई नागपूरहून आल्या होत्या, त्यांना आधी कुत्रं स्वयंपाकघराजवळ चालायचं नाही. जाताना त्याच्यासाठी स्वतःच्या जुन्या लुगड्याची गोधडी शिवून गेल्या.

पांढरी_काठी

सिएटलकर ताईंनी विषय काढला म्हणून लिहितो. मी जन्मांध आहे, स्क्रीन रीडरवर हा धागा ऐकतोय.

२०११ च्या जनगणनेत आपल्या देशात दृष्टिबाधितांची संख्या ५० लाखांच्या वर होती. मार्गदर्शक श्वान घेऊन फिरणारा माणूस मात्र मला पुण्या-मुंबईत आजवर भेटलेला नाही. लोक विचारतात, तुम्ही का घेत नाही? श्वानाला चालायला सलग पदपथ लागतो. आमच्याकडे पदपथावर टपरी, पुढे उघडं गटार, पुढे दुचाकी. प्रत्येक चौकात मोकाट कुत्र्यांची टोळी, ती हद्दीत आलेल्या परक्या कुत्र्यावर धावून येणारच. त्यातून पोचलो तरी हॉटेलात, रिक्षात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये घेतील याची खात्री नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा चांगला आहे, पण श्वान बरोबर असलेल्या माणसाला अडवू नये असं स्पष्ट कलम त्यात असतं तर बरं झालं असतं. अमेरिकेत दुकानदाराला दोनच प्रश्न विचारता येतात. हा श्वान दिव्यांगत्वासाठी लागतो का, आणि तो कोणतं काम शिकलाय. ओळखपत्र मागता येत नाही.

या श्वानांचं एक शिक्षण मला फार आवडतं. रस्ता कधी ओलांडायचा ते माणूस ठरवतो, कारण श्वानाला सिग्नल वाचता येत नाही. पण माणसाने 'चल' म्हटलं आणि गाडी येत असेल, तर श्वानाने हुकूम मोडायचा आणि जागेवर थांबायचं. आज्ञा केव्हा पाळायची नाही हे त्याला शिकवतात. खाकी_निवृत्त काका हस्तकाने साहेबाला नकार देण्याबद्दल म्हणाले, ते ऐकताना मला हेच आठवलं.

निंबोळी

काका, डॉक्टर, पांढरी_काठी, तिघांचं वाचलं. औषधखर्चाची मागणी शिपायाच्या बाजूचीच आहे हे पटलं, त्यावर मी सही करेन. स्फोटकांच्या कामाबद्दल माझं मन अजून तयार नाही. जम्मू-काश्मीरमध्ये लष्कराचे श्वान बघा, २०२२ साली अ‍ॅक्सेल आणि झूम, २०२३ मध्ये हस्तकाला वाचवताना केंट, २०२४ मध्ये फँटम, सगळे गोळ्या लागून गेले. सन्मान मिळाला, पण ती गोळी त्यांनी ओढवून घेतलेली नव्हती. हे मला लिहून ठेवावंसं वाटलं.

खाकी_निवृत्त

जरूर लिहा. ते वाचून कुणी कमांडर श्वानाला पुढे पाठवण्याआधी एकदा ड्रोन पाठवून बघेल, तर चांगलंच होईल.

कागदोपत्री

मी वकील आहे. मागणीचं पुढे काय करायचं त्याबद्दल.

सरकारी श्वान कायद्याच्या नजरेत सरकारी मालमत्ता आहे. त्यामुळे हस्तकाला तो द्यायचा तर लेखी आदेश लागतो, आणि दिल्यावर मालकी बदलली की खात्याचा खर्च थांबतो. अडचण नेमकी इथे आहे. मालकी हस्तकाकडे गेली तरी औषधोपचाराची जबाबदारी खात्याकडे राहील, असा शासन निर्णय गृह विभागाने काढायला हवा. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याचं कलम ३ प्राणी ज्याच्या ताब्यात त्याच्यावर काळजीचं कर्तव्य टाकतं. पण पहिल्या गुन्ह्याला कमाल दंड ५० रुपये आहे, त्यामुळे त्या वाटेने फारसं काही होणार नाही.

माहिती अधिकाराला कमी लेखू नका. लष्करातले निकामी ठरलेले श्वान मारले जातात हे २०१५ मध्ये एका अर्जाच्या उत्तरातूनच बाहेर आलं होतं. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि सरकारला धोरण बदलावं लागलं. आता असाध्य आजार असेल तरच दयामरण देतात, आणि निवृत्त श्वानांची व्यवस्था मेरठला रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरच्या, म्हणजे लष्कराच्या पशुवैद्यकीय दलाच्या, केंद्रात होते. एका अर्जाने एवढं झालं.

माळरान

मग आपणही अर्ज करू. मी आमच्या जिल्ह्यात करते. इंद्रायणीकाठ, पुणे ग्रामीण तुम्ही घ्याल का? वऱ्हाडातला एखादा जिल्हा कुणी घ्या. डॉक्टरांना सरकारी कामाची अडचण येत असेल तर निंबोळी, तुम्ही?

मी असे प्रश्न काढलेत: गेल्या पाच वर्षांत किती श्वान निवृत्त झाले, ते कुणाच्या ताब्यात दिले, कोणत्या आदेशाने, निवृत्तीनंतर त्यांच्यावर खात्याने किती खर्च केला, आणि सेवेतल्या श्वानांची वैद्यकीय तपासणी किती महिन्यांनी होते.

निंबोळी

यवतमाळ माझ्याकडे.

इंद्रायणीकाठ

पुणे ग्रामीण घेतलं.

कागदोपत्री

तीन गोष्टी पाळा. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून तपासणीचा प्रश्न वेगळ्या अर्जात टाका. किती श्वान सध्या कुठे तैनात आहेत ते विचारू नका, सुरक्षेचं कारण देऊन अख्खा अर्ज फेटाळतील. आणि दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे द्या, पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिल्या अपिलाचा मसुदा मी इथेच टाकेन.

खाकी_निवृत्त

आणखी एक प्रश्न घाला, ताई: निवृत्तीच्या वेळी श्वानाची वैद्यकीय नोंदवही हस्तकाला देतात का? आम्हाला दिली नव्हती. कुठली लस कधी टोचली, कधी कुठला ताप आला होता, हे डॉक्टरांना तोंडी सांगत बसायचो. ती वही बरोबर आली तर निम्म्या तपासण्या वाचतात, आणि ती द्यायला खात्याला एक पैसाही लागत नाही.